इंग्लंडात टॅक्सी: रँकवर उभं राहायचं की बुकिंगची वाट बघायची?

गेल्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एकाने विचारलं, "दादा, टॅक्सीचं लायसन्स काढू की उबरचं?" बायको नर्स, हा डिपेंडंट व्हिसावर. ठाण्यात दहा वर्षं स्वतःची टुरिस्ट गाडी चालवलेला, त्यामुळे स्टिअरिंगची भीती नाही. पण मुळात उबरचं लायसन्स असं काही इथे नसतंच. लायसन्स देते कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका. आपल्याकडे बॅज-परमिटसाठी आरटीओच्या खिडकीशी उभं राहायचं, महापालिकेचा त्यात हात नाही. इथे मात्र जी कौन्सिल तुमचा कचरा उचलते, तीच तुम्हाला बॅज देते आणि तीच काढूनही घेते. फक्त लंडनमध्ये हे काम टीएफएलकडे, म्हणजे शहराची वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे.

त्याला खरं विचारायचं होतं ते हे: हॅकनी कॅरेज की प्रायव्हेट हायर?

हॅकनी म्हणजे डोक्यावर 'टॅक्सी'चा दिवा असलेली गाडी. लंडनबाहेर तिचा कायदा 1847 चा, म्हणजे घोडागाडीच्या काळातला. ती रँकवर, म्हणजे टॅक्सी स्टँडवर, उभी राहू शकते, हात दाखवणाऱ्याला रस्त्यातून उचलू शकते. प्रायव्हेट हायरचा कायदा 1976 चा. तिथे प्रत्येक फेरी आधी ऑपरेटरकडे नोंदवलेली हवी, मग तो ऑपरेटर ॲप असो की स्टेशनजवळचं दोन खुर्च्यांचं ऑफिस.

कागदावर हा फरक एका ओळीचा, पण शुक्रवारी रात्री अकराला स्टेशनबाहेर पाऊस पडत असताना तो नीट कळतो. तुम्ही प्रायव्हेट हायर घेऊन पुढच्या बुकिंगची वाट बघत बसलेले. कोणीतरी काचेवर टकटक करतं, वीस पौंडाची नोट दाखवतं, "दहा मिनिटांचं तर अंतर आहे." हो म्हणालात की दोन गुन्हे एकदम: बिगरबुकिंगचा प्रवासी घेतला आणि त्या फेरीपुरता विमा गेला, कारण प्रायव्हेट हायरचा विमा रस्त्यातून उचललेल्या प्रवाशाला लागू होत नाही. आणि नोट दाखवणारा कौन्सिलचाच माणूस असू शकतो, साध्या कपड्यातला. अशा सापळ्यात ओळखीतल्या एकाचा बॅज गेला. मोह आवरत नसेल तर हॅकनीच बरी.

पैशाचं गणित दोन्हीकडे वेगळं. हॅकनीचं दरपत्रक कौन्सिल ठरवते आणि मीटर त्याप्रमाणे चालतं. तो कमाल दर असतो, कमी घ्यायला कोणी अडवत नाही. प्रायव्हेट हायरच्या भाड्याला कौन्सिल हात लावत नाही. दर ऑपरेटर ठरवतो, कमिशनही तोच कापतो. उलट बाजूने बघा: फेब्रुवारी 2021 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरांना 'वर्कर' मानलं, त्यामुळे किमान वेतन आणि सुट्टीचा पगार हे हक्क त्यांना मिळाले. रँकवरच्या हॅकनीवाल्याला सुट्टीचा पगार देणार कोण? तो स्वतःचा मालक, म्हणजे आजारी पडला तर त्या दिवशी शून्य.

मग हॅकनी सोडायची का? गावावर अवलंबून आहे. 1985 च्या कायद्याने कौन्सिलला हॅकनीच्या प्लेट, म्हणजे गाडीचे परवाने, मोजक्या ठेवता येतात, पण मागणी पुरी होते आहे याची खात्री असेल तरच. जिथे अशी मर्यादा आहे तिथे नवी प्लेट मिळायची नाही. कोणी धंदा सोडत असेल तर त्याची गाडी प्लेटसकट, चढ्या भावाने घ्यावी लागते. प्रायव्हेट हायरच्या संख्येवर कौन्सिलला मर्यादा घालता येत नाही. शिवाय काही ठिकाणी हॅकनी व्हीलचेअर चढेल अशीच लागते, आणि ती स्वस्त नसते.

लंडनची काळी कॅब हे तर वेगळंच प्रकरण. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे 25,000 रस्ते आणि 320 ठरलेले मार्ग तोंडपाठ हवेत. 1865 पासून चालत आलेल्या या परीक्षेला 'नॉलेज' म्हणतात आणि तीन-चार वर्षं त्यात सहज जातात. गाडी साडेसात मीटरच्या आसपास जागेत पूर्ण वळली पाहिजे आणि नव्याने नोंदवायची तर 2018 पासून विजेवर चालू शकणारीच हवी. घरात लहान मूल आणि एकच पगार असेल तर हा नाद आत्ता नको.

बहुतेकांनी सुरुवात प्रायव्हेट हायरने करावी, असं माझं मत. पण कोणत्या कौन्सिलकडून? ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर या तिन्हींचं लायसन्स एकाच कौन्सिलचं लागतं, मात्र बुकिंग असेल तर गाडी देशभर फिरू शकते. म्हणून मँचेस्टरमध्ये राहणारे वॉल्व्हरहॅम्प्टनचं लायसन्स घेतात: लवकर होतं, स्वस्त पडतं. मित्र तोच सल्ला देतील. मी देणार नाही. रॉदरहॅममधल्या मुलींच्या शोषणावर 2014 साली अहवाल आला, त्यात काही टॅक्सीवाल्यांचा हात दिसला आणि तेव्हापासून परवाने हा साधा कारकुनी विषय राहिला नाही. जून 2025 मध्ये याच विषयावरच्या बॅरोनेस केसी यांच्या अहवालानंतर सरकारने ही परगावच्या परवान्याची पळवाट बुजवू असं जाहीर केलं. त्या पळवाटेच्या भरवशावर पाच वर्षांचं गाडीचं कर्ज उभं करू नका. घराजवळच्या कौन्सिलकडे जा. काही ठिकाणी एकाच बॅजवर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात, तो मिळत असेल तर तोच मागा.

कागद दोन्हीकडे जवळपास सारखे. ब्रिटिश लायसन्स किमान बारा महिने हातात हवं, लंडनमध्ये प्रायव्हेट हायरसाठी तीन वर्षं. भारतातलं लायसन्स बदलून मिळत नाही, परीक्षा पहिल्यापासून द्यायची. पोलिस पडताळणी इथली होतेच, भारतातलं पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही मागतात, ते आधीच मागवून ठेवा. मेडिकल, आणि बहुधा इंग्रजीची व रस्त्यांची चाचणी. बॅज व्हिसाच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांनी हा विचारच सोडावा. त्यांना स्वतःचा धंदा करायची परवानगी नसते.

एवढं ऐकून त्याने मोबाइल काढला आणि सौदा ठरवलेल्या गाडीचा फोटो दाखवला. पांढरी इस्टेट, म्हणजे लांब डिकीची गाडी, छान होती. मागच्या काचा पार काळ्या. त्याच्या कौन्सिलच्या नियमांचं पान तिथेच उघडलं: गाडीच्या वयाची अट, रंगाची अट आणि मागच्या काचेतून किती उजेड आत यायला हवा, त्याचा आकडासुद्धा. इसार दिला होता का, विचारलं.

"दोनशे पौंड," तो म्हणाला, आणि शिऱ्याचा द्रोण तसाच हातात धरून डीलरला फोन लावायला बाहेर गेला.