जांभ्याच्या जुन्या घरातील ओल आणि चुन्याचा गिलावा: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराचा सिमेंटचा गिलावा काढून तेथे चुन्याचा गिलावा केल्याला आता एक पूर्ण पावसाळा उलटला आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या कोकणातील पावसात तो कसा टिकला, हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे. मत आधीच सांगतो: गिलावा उत्तम आहे, पण ओल त्याने हटली नाही. ती हटली पाणी भिंतीपर्यंत येण्याच्या वाटा बंद केल्यामुळे. चुन्याने फक्त आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडू दिले. एवढे ध्यानात न घेता जो केवळ गिलावा बदलेल, त्याची निराशा ठरलेली आहे.

घर जांभ्या चिऱ्यांचे, भिंती सुमारे दीड फूट जाड, वर मंगलोरी कौले. मागच्या पिढीने घर ‘पक्के’ करण्यासाठी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि नंतर त्यावर ऑइलपेंट चढला. जांभा सच्छिद्र असतो; तो पाणी शोषतो आणि दोन्ही अंगे मोकळी असली तर उन्हाळ्यात वाळतो. सिमेंट आणि ऑइलपेंटने ही वाळण्याची वाटच रोखली. त्यामुळे माजघराच्या मागच्या भिंतीवर तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा, त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येऊन साठणारे क्षार) आणि दर दिवाळीला नव्याने सुटणारे पोपडे हे चित्र कायमचे झाले होते.

कारण शोधण्यात जितका वेळ गेला, तितका दुरुस्तीतही गेला नसेल. आणि माझ्या मते खरा पैसा वाचतो तो याच टप्प्यावर. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली. डाग पावसाबरोबर वाढतो, की वर्षभर तेवढाच राहतो, की भर उन्हाळ्यातही पसरतो, हे त्यातून कळते. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला: पाणी प्लास्टिकच्या मागे जमले तर ते भिंतीतून येते आहे, पुढे जमले तर ते खोलीतल्या दमट हवेचे आहे. पिनांचे ओलावामापक यंत्रही घेतले, मात्र त्याच्या आकड्यांवर विसंबू नये. अशी यंत्रे मुळात लाकडासाठी असतात आणि भिंतीत क्षार असले की वाजवीपेक्षा जास्त ओल दाखवतात. एकाच भिंतीवरील दोन जागांची तुलना करण्यापुरता त्यांचा उपयोग आहे.

या तपासणीत एक नव्हे, चार कारणे निघाली. परसात वर्षानुवर्षे भराव पडून आणि त्यावर कोबा होऊन जमीन इतकी वर आली होती की दोन फुटांचे जोते जेमतेम चार बोटे उरले होते, आणि कोब्याचा उतारही भिंतीकडेच होता. छपराच्या दोन पाख्यांमधील (उतारांमधील) पन्हळीचा पत्रा गंजून त्याला भोके पडली होती. पागोळ्या जेथे पडत तेथून चिखलाचे पाणी भिंतीवर उडत होते. चौथे कारण न्हाणीचे: मोरीत रंगीत पाणी सोडल्यावर काही तासांनी तोच रंग पलीकडच्या भिंतीच्या तळाशी उमटला. ज्या डागाला सगळे ‘जमिनीची ओल’ म्हणत होते, त्याचा निम्मा भाग सांडपाण्याचा होता.

बाहेरचे काम आधी केले. भिंतीलगतचा हातभर रुंदीचा कोबा फोडला, भराव उकरून जोते मोकळे केले, खडी भरलेला चर खणून त्याला उतार दिला, पन्हळ दुरुस्त केली आणि न्हाणीचा पाइप बदलला. दसऱ्यानंतर सिमेंटचा गिलावा काढला. सिमेंट जांभ्याहून कठीण असल्यामुळे त्याच्याबरोबर काही ठिकाणी चिऱ्याचे कपचेही निघाले, म्हणून छिन्नी हलक्या हाताने चालवून घ्यावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकला. तो धुऊन काढला तर विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो. त्यानंतर भिंती उघड्याच ठेवल्या. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे अवकळेचे वाटले, परंतु जाड भिंत वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, तेव्हा घाई करण्यात अर्थ नव्हता.

गिलावा हिवाळ्याच्या शेवटी केला. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून चुना काही आठवडे पाण्याखाली मुरवला. विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा गंभीर होते, म्हणून चष्मा व हातमोजे अनिवार्य. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू आणि थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) असे प्रमाण ठेवले. खाडीची वाळू स्वस्तात मिळत होती, पण तिच्यातील मीठ म्हणजे विकतचा लोणाच. गवंड्याने ‘पकड यावी म्हणून’ घमेलेभर सिमेंट घालण्याचा आग्रह बराच धरला. तो मानला नाही.

दोष सांगायलाच हवेत. मजुरीसह खर्च सिमेंटच्या सुमारे दुप्पट आला आणि चुन्याचा हात असलेला गवंडी मिळेपर्यंत बरीच वाट पाहावी लागली. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे अनेक दिवस पाणी मारत राहावे लागते. पृष्ठभाग मऊ राहतो, खिळा नीट धरत नाही. वर चुन्याची सफेदीच द्यावी लागते आणि टेकून बसले की ती कपड्यांना लागते. ज्यांना गुळगुळीत, पुसता येणारी भिंत हवी, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याचा प्रस्ताव एका ठेकेदाराने दिला होता. दीड फूट जाडीच्या, आत पोकळ्या असलेल्या चिरेबंदीत ते द्रव सर्वत्र सारखे पसरेल याची शाश्वती नाही, म्हणून तो नाकारला. हवेतील दमटपणा शोषणारे विजेचे यंत्रही महिनाभर चालवून पाहिले. कौलांच्या फटींतून बाहेरची हवा अखंड आत येत असल्याने त्याची टाकी भरत राहिली आणि खोली तशीच राहिली. सिमेंटचे छत असलेल्या बंद खोलीत निकाल वेगळा येऊ शकेल. त्यापेक्षा कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्याने अधिक फरक पडला. पूर्वी माजघराशेजारी दिवसभर पेटती चूल असे, तिची ऊब घर सुकवीत असे. गॅस जळताना उलट वाफच सोडतो. म्हणून स्वयंपाकघरात पंखा बसवून वाफ बाहेर काढली.

आजची स्थिती अशी की मागच्या भिंतीवरील पट्टा तीन फुटांवरून फूटभर उंचीवर आला आहे, फडताळातील कपड्यांचा कुबट वास गेला आहे आणि श्रावणातही भिंतीला बुरशी धरली नाही. न्हाणीच्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र तळचा गिलावा पिठासारखा झडतो. आत साठलेले क्षार अजून बाहेर येत आहेत. चिरा झडण्यापेक्षा गिलावा झडलेला बरा, म्हणून तेवढा भाग दर एक-दोन वर्षांनी नव्याने करण्याची तयारी ठेवली आहे. पन्हळीला सध्या डांबराचे ठिगळ आहे. येत्या शाकारणीला पूर्ण पत्रा बदलायचा आहे.