चीनमध्ये उद्या निवडणुका झाल्या, तर शेजाऱ्यांचं काय?

चीन लोकशाही झाला तर त्याचं परराष्ट्र धोरण निवळेल, असं एक मत. काही फरक पडणार नाही, हे दुसरं. कुठलं धरायचं?

पहिल्या मताचं मूळ जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७९५ च्या निबंधात आहे. युद्धात ज्यांचा पैसा जातो आणि जीवही जातो, त्यांनाच विचारलं तर ते सहजासहजी हो म्हणणार नाहीत. मुरलेल्या लोकशाह्या आपसांत क्वचितच लढल्या, हे विरोधकांनाही मान्य करावं लागतं. पण इतरांशी? १८९८ मध्ये उगवत्या अमेरिकेत निवडणुका होत्या, काँग्रेस म्हणजे संसद होती, वर्तमानपत्रं तर आगीत तेलच ओतत होती. स्पेनशी युद्ध झालं आणि फिलिपिन्स, ग्वाम, पोर्तो रिको खिशात पडले.

चीनपुरतं बोलायचं तर सगळ्यात बोलका पुरावा तैवानचा. दक्षिण चीन समुद्रावरचा चिनी दावा नकाशावर दाखवणारी ती प्रसिद्ध तुटक रेषा कम्युनिस्टांनी नव्हे, चँग कै-शेकच्या सरकारने १९४७ मध्ये छापली; हेच सरकार कम्युनिस्टांकडून हरल्यावर तैवानात गेलं. तैवानात १९९६ पासून अध्यक्ष थेट जनता निवडते, तरी या समुद्रावरचे चीनचे दावे नाकारणारा २०१६ चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल बीजिंगइतकाच तैपेईनेही, म्हणजे तैवानच्या सरकारनेही, झिडकारला आणि वर त्या समुद्रात युद्धनौका पाठवली. म्हणजे दावे शाबूत. वागणं मात्र वेगळं: २०१३ मध्ये याच तैवानने सार्वभौमत्वाचा वाद बाजूला ठेवून जपानशी मासेमारीचा करार केला. अर्थात तैवान छोटा आहे, त्याला दादागिरी परवडतच नाही. त्यामुळे या उदाहरणावर पूर्ण भिस्त नको.

माझा कौल असा: दाव्यांबाबत दुसरं मत धरा, वागण्याबाबत पहिलं, पण तेही लोकशाही मुरल्यावर. लोकशाही नवी असतानाची मधली वर्षं मला जास्त धोक्याची वाटतात. जपानने १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. १९३० मध्ये नौदल कपातीचा करार करणाऱ्या पंतप्रधानांना गोळी घातली गेली, १९३१ मध्ये सैन्याने सरकारला न विचारता मांचुरियात मुसंडी मारली आणि १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी आणखी एका पंतप्रधानांचा खून केला. मतपेटी होती, पण सैन्य मुलकी सरकारच्या मुठीत नव्हतं. चीनचं सैन्य तर आजही देशाचं नव्हे, पक्षाचं आहे. पक्ष गेला तर ते कुणाचं ऐकेल?

एक गोष्ट दोन्ही मतांचे लोक विसरतात. हुकूमशाहीला गुपचूप माघार घेता येते. ताजिकिस्तानशी सीमा ठरवणाऱ्या, २०११ मध्ये मंजूर झालेल्या करारात बीजिंगने आपल्या दाव्यातला अगदी थोडा तुकडा घेऊन विषय संपवला. देशात कुणी हूं की चूं केलं नाही. लोकशाही चीनमध्ये तोच करार संसदेत आला असता आणि विरोधी पक्ष ‘जमीन विकली’ म्हणत रस्त्यावर उतरला असता.