ट्रॅबेक्युलेक्टॉमी: काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचे एक परीक्षण

काचबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखते. मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटताच जग उजळल्याचे अनुभव ज्यांनी ऐकले आहेत, त्यांची या बाबतीत हमखास निराशा होते. काचबिंदूत डोळ्यातील दाबच बहुधा दृष्टीची नस झिजवतो, त्यामुळे ट्रॅबेक्युलेक्टॉमीचे, म्हणजे दाब उतरवणाऱ्या या शस्त्रक्रियेचे, मोल ठरवताना कसोटी एकच धरावी लागते, ती म्हणजे डोळ्यातील दाब पुरेसा उतरला का आणि किती वर्षे उतरलेला राहिला.

नेत्रशल्यचिकित्सक केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत श्वेतपटलात, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचात, अर्ध्या जाडीची झडप करून तिच्याखाली लहानसे छिद्र पाडतात, म्हणजे आतला द्रव झिरपून वरच्या पापणीआड एका फुगवट्यात साचतो आणि हळूहळू शोषला जातो. कल्पना साधी आहे, अडचण मात्र मुळातच आहे. इतर प्रत्येक शस्त्रक्रियेत जखम लवकर भरावी म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो. येथे ती पूर्ण भरली, तर शस्त्रक्रिया फसली.

जखम भरून येण्याची ही ओढ सर्वांच्या डोळ्यांत सारखी नसते, आणि वंशाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. अमेरिकेत १९८८ ते १९९२ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ग्लॉकोमा इंटरव्हेन्शन स्टडी’मध्ये ५९१ रुग्णांचे ७८९ डोळे घेण्यात आले, काहींवर आधी लेसर आणि तो निष्फळ ठरल्यास ट्रॅबेक्युलेक्टॉमी, तर काहींवर आधी ट्रॅबेक्युलेक्टॉमी असा क्रम ठेवला गेला. दीर्घकाळच्या पाहणीत कृष्णवर्णीय रुग्णांची दृष्टी लेसरपासून सुरुवात केलेल्या क्रमात अधिक टिकली, तर श्वेतवर्णीयांच्या बाबतीत पुढील वर्षांत शस्त्रक्रियेपासून सुरुवात करण्याकडे कौल झुकला. विशेष म्हणजे दाब दोन्ही गटांत आधी शस्त्रक्रिया केल्यानेच जास्त उतरला होता. दाबाचा आकडा आणि रुग्णाला प्रत्यक्ष दिसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या निष्कर्षाइतके स्पष्टपणे क्वचितच पुढे येते.

तरीही या निकालावरून ‘कृष्णवर्णीयांना ही शस्त्रक्रिया मानवत नाही’ असा शिक्का मारणे मला घाईचे वाटते. आज सर्रास वापरले जाणारे, व्रण धरू न देणारे मायटोमायसिन त्या काळी नेहमीच्या प्रघातात नव्हते. शिवाय रुग्ण किती उशिरा पोहोचला, कोणत्या वयात पोहोचला आणि त्याआधी किती वर्षे थेंब घालत होता, यांचाही परिणामावर भार पडतो. थेंब टिकावेत म्हणून त्यांत घातलेल्या परिरक्षक रसायनांनी वर्षानुवर्षे चुरचुरलेला डोळा व्रण धरायला अधिक तयार असतो, मग तो कोणाचाही असो. शल्यचिकित्सकाच्या हाताखाली येतो तो टेनॉनचा, म्हणजे डोळ्याच्या कवचावरील पेशीजालाचा, जाड किंवा पातळ थर, कातडीचा रंग नव्हे. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिकेतील शहरे यांतील माणसांना एकाच रकान्यात भरणारी मोजपट्टी तशीही ढोबळच.

पूर्व आशियातील रुग्णांचा विचार करताना तर प्रश्नच वेगळा असतो, कारण तेथे डोळ्यातील द्रव जिथून बाहेर पडतो तो कोन बंद होण्याचा काचबिंदू अधिक आढळतो. ‘ईगल’ या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोन बंद होणाऱ्या ४१९ रुग्णांपैकी ज्यांचे स्वच्छ भिंगच काढून टाकले, त्यांना लेसरने छिद्र पाडलेल्यांपेक्षा जास्त लाभ झाला. अशा डोळ्यात ट्रॅबेक्युलेक्टॉमीकडे थेट वळणे बहुधा चुकीचे ठरेल.

मायटोमायसिनने व्रणाचा प्रश्न सौम्य होतो खरा, पण त्याची किंमत चुकवावी लागते: फुगवटा फार पातळ होऊन गळू शकतो, दाब नको तितका उतरतो आणि वर्षांनंतरही संसर्ग शिरू शकतो. ज्यांच्या डोळ्यावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी डोळ्यातील द्रव बाहेर नेणारी नळी बसवणे हा पर्याय गंभीरपणे तपासावा. अशा डोळ्यांवरील तुलनात्मक चाचणीत पाच वर्षांत नळीचे अपयश २९.८ टक्के, तर मायटोमायसिनसह ट्रॅबेक्युलेक्टॉमीचे ४६.९ टक्के होते.

माझ्या मते पाचपैकी साडेतीन गुण, आणि तेही पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासणीला जाणे शक्य असेल तरच. दाब चढू लागला तर झडपेचे टाके लेसरने सोडावे लागतात, व्रण धरू लागला तर औषध पुन्हा टोचावे लागते, आणि त्यासाठी योग्य दिवस निसटला की तो परत मिळत नाही. म्हणून शल्यचिकित्सकाला आपल्या वंशाची आकडेवारी विचारण्यापेक्षा आधी हे विचारावे, की टाके सोडायची वेळ आली तर त्या दिवशी डोळा कोण तपासणार आहे.