केनियातल्या मिशनऱ्यांना पार्सल: टपाल खात्याची सेवा कितपत कामाची?

वसई किंवा गोव्याहून पूर्व आफ्रिकेत सेवेला गेलेल्या फादर-सिस्टरांना काही पाठवायचं असेल, तर आमचा कौल भारतीय टपाल खात्यालाच. कारण पत्ता. केनियात टपाल सहसा घरपोच येत नाही, पी. ओ. बॉक्समध्ये, म्हणजे पोस्टातल्या आपल्या नंबरच्या पेटीत पडतं. खासगी कुरिअरला रस्ता, इमारत आणि फोन नंबर लागतो. आडबाजूच्या मिशनकडे बहुतेकदा फक्त धर्मप्रांताचा (डायोसिसचा) बॉक्स नंबर असतो. नैरोबीतच संस्थेचं घर असेल तर कुरिअर चालेल, पण खर्चाची तयारी ठेवा.

काउंटरवर दोन मुख्य पर्याय मिळतात. ईएमएस म्हणजे इंटरनॅशनल स्पीड पोस्ट लवकर पोचतं आणि महाग पडतं; एअर पार्सल सावकाश जातं. दोन किलोच्या आतलं असेल तर ईएमएस घ्यावं, जड खोक्याला एअर पार्सल. ईएमएसचा दर २५० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो. १,०१० ग्रॅम भरलं तर १,२५० ग्रॅमचे पैसे जातात, म्हणून टेप लावून झाल्यावर घरीच वजन करा. ओळखपत्राची प्रत सोबत न्या.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. सिस्टरांचं व्रतातलं नाव एक, पासपोर्टवरचं दुसरं. तिथे बॉक्समध्ये चिठ्ठी येते, ती घेऊन ओळखपत्रासह पोस्टात जावं लागतं. नाव जुळलं नाही की पार्सल अडतं. पासपोर्टवरचं नाव आधी, मग संस्थेचं किंवा धर्मग्रामाचं (पॅरिशचं), मग बॉक्स नंबर, पोस्टाचा कोड, गाव आणि तिथला चालू मोबाइल नंबर लिहा. हाच पत्ता एका कागदावर लिहून खोक्याच्या आतही ठेवा.

दुसरी मेख कस्टम्सच्या फॉर्मची. नुसतं ‘भेटवस्तू’ लिहून भागत नाही. ‘सुती बनियन, ४ नग, ५०० ग्रॅम, ६०० रुपये’ असं प्रत्येक वस्तूचं वेगळं लिहा. हीच माहिती संगणकावरून पुढच्या देशाला जाते, आणि आत काही वेगळं निघालं तर पार्सल उघडून थांबवतात. किंमत खरी लिहा. शुल्क लागलं तर ते घेणाऱ्यालाच भरावं लागतं, इथून आधी भरता येत नाही. तुटपुंज्या भत्त्यावर राहणाऱ्या सिस्टरांवर हा भार पडू नये म्हणून महागड्या वस्तू टाळाव्यात. पार्सल पोचलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं, याचाही रकाना असतो. तो कोरा सोडू नका. परतीचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी येऊ शकतो.

काय पाठवावं? बाटली मसाला, म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती घरांतला तिखट मसाला, काचेच्या बाटलीतून नको, कारखान्यात सीलबंद केलेल्या पाकिटातून न्या, वर वस्तूचं नाव इंग्रजीत. वाल, मेथीदाणे, मोहरी यांना बी समजून अडवलं जातं. दळलेलं त्यामानाने सुखरूप जातं. सुके बोंबील, सुकट पाठवूच नका. लोणच्याचं तेल गळतं आणि शेजारचे कपडे वाया जातात. अत्तर, डिओ, नेलपॉलिश, पॉवर बँक आणि नोटा पाठवायला बंदी आहे. नाताळच्या फराळातले कुलकुल टिकतात, नेवऱ्या (करंज्या) फुटतात. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून आतल्या वस्तू सुती पिशव्यांत बांधाव्यात. त्या तिथे वापरातही येतात.

सेवेची खरी उणीव मागोव्यात (ट्रॅकिंगमध्ये) आहे. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा नंबर भारत सोडेपर्यंत नीट बोलतो, पुढे बरेचदा गप्प होतो. तेव्हा तोच नंबर केनियाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. मिशनची गाडी गावात कधी जाते हेही आधी विचारून घ्या, कारण पोस्टात पडून राहिलेल्या पार्सलवर साठवणुकीचं भाडं चढू शकतं. नाताळसाठीचं खोकं ऑक्टोबर संपायच्या आत टाका. पावती आणि भरलेला फॉर्म या दोन्हींचा फोटो घेणाऱ्याला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा; काउंटरवर चौकशी करताना तोच उपयोगी पडतो.