माळ, उतार आणि ओढाकाठ: सोलापुरातील माती परीक्षण सेवा

बार्शी तालुक्यात बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आमची जमीन आहे: वर मुरमाड माळ, मध्ये उतारावरची हलकी ते मध्यम माती आणि खाली ओढ्याकाठी खोल काळी. बेसाल्ट खडकापासून तयार झालेली ही माती पावसाबरोबर उतारावरून वाहत येऊन तळाशी साचते, त्यामुळे एका बांधाच्या अंतरावर तिची खोली आणि ओल धरण्याची ताकद बदलते. सोलापुरातील ज्या खासगी प्रयोगशाळेकडून आम्ही माती तपासून घेतली, तिने प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा घेतला, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कर्मचाऱ्याने पालापाचोळा बाजूला सारून ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेतला, त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने खरवडली आणि ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत शेवटी अर्धा किलो माती ठेवली. डाळिंबासाठी राखलेल्या उतारावर मात्र त्याने ३० सेंटिमीटरच्या थराथराने, मुरूम लागेपर्यंत नमुने घेतले. अहवालात सामू (मातीची आम्ल-विम्लता, म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्याबरोबर मुक्त चुन्याचे प्रमाणही आहे. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह नीट मिळत नाही आणि कोवळी पाने शिरांच्या मधे पिवळी पडतात, म्हणून बागायतदाराने हा आकडा आधी पाहावा.

खतांची शिफारस मात्र सगळ्या पट्ट्यांना जवळजवळ सारखीच छापून आली, हे खटकले. फोन केल्यावर ती सुधारून मिळाली. माळावर गवत राखावे आणि ओढाकाठी रब्बी ज्वारी घ्यावी, हा त्यांचा उत्तम सल्ला तोंडीच राहिला; तो लेखी द्यायला हवा होता.