नत्र पेरणीलाच सगळं द्यावं, की वरखताला राखून ठेवावं?

हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन) द्यायचं तर 46 टक्के नत्र असलेला युरिया साधारण 217 किलो लागतो. इथपर्यंत हिशोब सोपा. तो पेरणीलाच सगळा द्यायचा की अर्ध्याहून जास्त मागे ठेवून उभ्या पिकाला वरखत म्हणून हप्त्यांनी द्यायचा, हे मात्र पुढचे दोन महिने आभाळ कसं वागेल त्यावर ठरतं, आणि ते पेरणीच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

पेरणीलाच दिलं तर एक फेरी वाचते आणि खत बियाण्याच्या बाजूला, ओलीत पडतं. नंतर पावसाने ओढ दिली तर याचाच फायदा होतो. उलट पाऊस जास्त झाला तर पंचाईत. युरियाचं आधी अमोनियम, मग नायट्रेट होतं आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. हलक्या जमिनीत ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. भारी जमिनीत पाणी साचलं की हवेअभावी जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन जातं. जमीन उबदार असेल तर आणखी लवकर. मक्यात हे दिसतं कसं? सर्वांत खालचं पान टोकाकडून पिवळं पडतं आणि तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून पाचरीसारखा देठाकडे सरकतो. कडा हिरव्या राहतात. (कडाच करपल्या असतील तर पालाश (पोटॅश) कमी पडल्याचा संशय घ्या.)

गव्हात आणखी एक फसगत होते. सुरुवातीच्या नत्राने फुटवे भरपूर येतात, पण एवढं हिरवं रान पोसताना जमिनीतली ओल दाणे भरण्याआधीच संपते. मग दाणा चिमतो आणि शेजारचं फिकट शेत जास्त उतारा देऊन जातं.

हप्त्यांचं गणित पिकाच्या भुकेला धरून आहे. मका गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत नत्र सपाट्याने उचलतो. गहू फुटवे संपून कांडी धरल्यापासून. पण ऐन वरखताच्या वेळी पाऊस गायब झाला तर? ओलसर मातीवर युरिया विरघळतो, आत जात नाही, आणि ऊन-वाऱ्यात अमोनिया होऊन उडतो. चुनखडीच्या जमिनीत जास्तच. मागोमाग 10-15 मिलिमीटर पाऊस किंवा पाणी मिळालं तर तो आत मुरतो. याउलट झड लागली तर वाफसा येत नाही, शेतात पाय ठेवता येत नाही आणि वेळ टळते.

चांगलं वर्ष म्हणजे जास्त खत, हा समज मला पटत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात त्याच तुकड्याला तेवढंच खत देऊनही उतारा दरवर्षी वरखाली होतो. ऊब आणि ओल जुळलेल्या वर्षी जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य कुजून जमीनही बरंच नत्र पुरवते. कोरड्या वर्षी अडचण पाण्याची असते, खत वाढवून उपयोग नाही.

म्हणून जास्त पावसाचा भाग, हलकी किंवा पाणी साचणारी जमीन असेल तर मी हप्ते निवडेन. पाऊस लवकर संपतो आणि पीक साठलेल्या ओलीवरच येतं, तिथे पेरणीला, पण मात्रा आवरती ठेवून.

हप्त्यांनी जाणार असाल तर शेतात एका पट्ट्याला सगळं नत्र सुरुवातीलाच द्या. वरखताच्या दिवशी त्याच्या शेजारी उभं राहून रंग बघा. बाकीचं पीक तितकंच हिरवं दिसलं तर हप्ता कमी करा. पट्टा लांबूनच वेगळा ओळखू आला तर ठरलेला हप्ता पूर्ण द्या.