दुबईचा पॅरामेडिक परवाना आणि माझे १ लाख ८५ हजार

मी निलंगा तालुक्यातली. लातूरला एका खासगी रुग्णवाहिकेवर चार वर्षांपासून इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या घरात त्या दिवसाचा विषय निघाला की आत्याचं नाव निघतंच. ती ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून लातूरला नेताना वाटेत गेली. जखमी माणसाची मान कशी धरायची, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मी या कामात आले ती त्यामुळे.

पगार १४ हजार. माझ्याआधी शिकलेला एक दादा दुबईत पॅरामेडिक आहे, त्याचं बघून मलाही वाटलं आपण तिथल्या परवान्याची परीक्षा द्यावी. दादाला आधी विचारायला हवं होतं. कामावरच्या एका मुलानं एजंटचं नाव सुचवलं आणि मी थेट तिकडे गेले.

एजंटचं ऑफिस लातूरच्या ट्यूशन एरियाला लागून. भिंतीवर बुर्ज खलिफा, टेबलावर पासपोर्टांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यानंच मी फसले. एवढ्या लोकांनी दिलेत म्हणजे माणूस खराच असणार, असं वाटलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त अभ्यास करा. कागदाचं सगळं माझ्याकडं." हे वाक्य मला तेव्हा फार आपुलकीचं वाटलं होतं.

नोंदणीचे १५ हजार आणि 'डेटाफ्लो'चे, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीचे, ३५ हजार सोयाबीनच्या पैशातून दिले. परीक्षेच्या ४० हजारांसाठी आईनं पाटल्या मोडल्या. आई एवढंच म्हणाली, "कशाला एवढ्या लांब जायलीस गं?" आणि पाटल्या काढून हातावर ठेवल्या. शेवटचे ९५ हजार, परवाना आणि व्हिसा म्हणून, पतसंस्थेचं कर्ज काढून दिले. सगळे पैसे एका माणसाच्या बचत खात्यात गेले. पावती साध्या कागदावर, त्यावर जीएसटी क्रमांकही नाही.

खरी पद्धत काय आहे ते मला पैसे गेल्यावर कळलं. दुबई हेल्थ अथॉरिटीचं 'शेर्यान' नावाचं पोर्टल आहे. तिथं आपलं खातं आपणच उघडायचं. मग डेटाफ्लो नावाची संस्था आपली कागदपत्रं तपासते, म्हणजे आपण दिलेल्या झेरॉक्सवर विसंबून न राहता थेट कॉलेजला आणि जिथं काम केलं तिथं विचारते. परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर, संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची. पास होऊन जे पात्रता पत्र मिळतं तो परवाना नसतो. तिथल्या एखाद्या दवाखान्यानं किंवा सेवेनं नोकरी दिली की मगच परवाना चालू होतो. म्हणजे नोकरी हातात नसताना माझ्याकडून परवान्याचे पैसे घेणंच खोटं होतं.

यातलं एकही पान मी कधी उघडलं नव्हतं. अर्जात ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, पासवर्ड त्याच्याकडे. मला मिळायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, पीडीएफ.

इशारा मिळाला होता, आणि तो माझ्याच विषयातला होता. याचा सल मला पैशांपेक्षा जास्त आहे. 'मागच्या परीक्षेतले खरे प्रश्न' म्हणून त्यानं एक फाईल पाठवली. त्यात एकटा माणूस मोठ्या माणसाला सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) देत असेल तर छाती दाबणं आणि श्वास यांचं प्रमाण काय, या प्रश्नाचं बरोबर उत्तर १५:२ दिलं होतं. ते २००५ पासून ३०:२ आहे. १५:२ आता फक्त लहान मुलांसाठी, तेही दोघं जण सीपीआर देत असताना. हे मी रोज करते. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे हाताला पाठ आहे. खऱ्या परीक्षेची फाईल असती तर त्यात ही चूक नसती. मी पेन्सिलनं ३०:२ लिहिलं आणि पान उलटलं. त्याला विचारलंसुद्धा नाही. ५० हजार अडकले होते, आणि आता शंका काढली तर ते जातील अशी भीती होती.

परीक्षेला त्यानं छत्रपती संभाजीनगरला बोलावलं. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खोली, सहा संगणक, आम्ही पाच जण. दारात आधार कार्ड बघितलं, पासपोर्ट कुणी मागितला नाही. माझा मोबाइल अख्खा वेळ पर्समध्ये होता. मी मन लावून पेपर सोडवला. ग्लासगो कोमा स्केल (रुग्ण किती शुद्धीत आहे ते मोजणं), ईसीजीच्या पट्ट्या, ट्रायाज (आधी कुणाला उपचार द्यायचा ते ठरवणं), सगळं आलं. बाहेर पडले तेव्हा आनंदानं डोळ्यात पाणी होतं. चौथ्या दिवशी 'पास'चं पत्र आलं, त्याच आठवड्यात पात्रता पत्र, आणि लगेच ९५ हजारांची मागणी.

पैसे दिल्यावर तीन आठवडे 'व्हिसा प्रोसेसमध्ये आहे' चाललं, मग फोन बंद. तेव्हा कुठे मी दुबईतल्या दादाला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "तुझं शेर्यानचं लॉगिन कुठंय?" माझ्याकडे नव्हतंच. मग परीक्षेबद्दल विचारलं. खऱ्या केंद्रात पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, खिसे उलटे करून दाखवावे लागतात, मोबाइल लॉकरमध्ये जातो. मी खोलीचं वर्णन करत गेले तसा तो गप्प झाला. शेवटी म्हणाला, "बाई, तू परीक्षा दिलेलीच नाहीस." डेटाफ्लोचा जो क्रमांक मला दिला होता, तो त्यांच्या वेबसाइटवर निघालाच नाही. माझ्या नावानं तिकडे कुठलाच अर्ज गेला नव्हता. यात एक बरं झालं. त्या एजंटनं एखादं बनावट अनुभवपत्र माझ्या नावावर पाठवलं असतं तर तो डाग पुढच्या प्रत्येक तपासणीत निघाला असता.

ऑफिसला कुलूप होतं. माझ्या मूळ मार्कशीट त्याच्याकडेच राहिल्या. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. १९३० या सायबर हेल्पलाइनलाही फोन केला, पण तिथं पैसे गेल्या गेल्या कळवलं तरच ते खात्यात अडवता येण्याची आशा असते. मी महिनाभरानं केला होता.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ही यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर कुणालाही बघता येते. त्याचं नाव तिथं नव्हतं. नोंदणी असलेल्यालाही जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. हे बघायला मोबाइलवर पाच मिनिटं लागली.

या कामातल्या पोरापोरींना सांगते: अर्ज भरायला मदत घ्या, इंग्रजी अडलं तर कुणाला तरी शेजारी बसवा, पण ईमेल आणि पासवर्ड आपलाच ठेवा. फी पोर्टलवर आपल्या हातानं भरा. मूळ कागद कुणाला देऊ नका. भारतातलं रजिस्ट्रेशनही काढून देतो म्हणणारे आता फिरायला लागलेत. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात आपल्याकडेही समान परीक्षेची तरतूद आहे, आणि लोकांना त्यातलं फारसं माहीत नाही, त्यामुळे त्यांचं फावतं.

मी शेर्यानवर स्वतःचं खातं उघडलंय. डुप्लिकेट मार्कशीटसाठी अर्ज केलाय, त्या आल्या की डेटाफ्लोला पाठवणार. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे.

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. हिंगोलीचा एक मुलगा आणि कंधारची एक मुलगी सापडली, दोघांनीही जबाब दिलेत. उरलेल्या दोघींची नावं मला माहीत नाहीत. एक खिडकीजवळ बसली होती, निळा पंजाबी ड्रेस, पेपर सुटल्यावर तिनं मला पेढा दिला होता. तुम्ही हे वाचत असाल तर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या.